माथेरानचे इंजिन आणि हडपसरचे हात



हडपसर स्थानकावरून जाणारा लोहमार्ग 1858 सालचा आहे. त्या वर्षी 14 जूनला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि 15 डिसेंबरला पुण्याच्या पुढे, दौंड ओलांडून, डिकसळपर्यंत. बोरघाटात रूळ पडायला मात्र 1863 साल उजाडले. मधली पाच वर्षे घाटमाथ्यावर धावणारी इंजिने रुळावरून वर आलेलीच नव्हती. आगबोटीतून मुंबई बंदरात उतरलेले ते अवजड लोखंड घाटरस्त्याने वर चढवावे लागले होते. त्या काळचे प्रवासी घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरत, पालखीने किंवा तट्टावरून वर येत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत.

त्या पहिल्या इंजिनांपैकी एकही आज पुण्यात नाही. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन नावे अजून सांगितली जातात, पण त्या गाडीची इंजिनेही उरलेली नाहीत. जुने इंजिन निकामी झाले की भंगारात जायचे आणि त्याचे लोखंड वितळून दुसऱ्या कामाला लागायचे, हाच रेल्वेचा रिवाज होता. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. म्हणून जी थोडी इंजिने या रिवाजातून वाचली, त्यांच्याकडे नीट पाहायला हवे. आजचे व्याख्यान त्यांतल्या एका लहान इंजिनाविषयी आहे. ते नेरळला उभे आहे, पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर, आणि माथेरानला जाणाऱ्या हजारो माणसांच्या नजरेखालून दरवर्षी जाते.

माथेरानची गाडी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी उभारली. 1907 साली ती सुरू झाली आणि सुमारे 16 लाख रुपये खर्च आला. सरकारी तिजोरीतून नव्हे, एका व्यापारी घराण्याच्या पैशातून हे काम झाले. नेरळ ते माथेरान हे अंतर सुमारे 20 किलोमीटर आणि चढ साडेसातशे मीटरच्या आसपास. रूळ दोन फुटी. जास्तीत जास्त चढ वीस फुटांना एक फूट. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटातला कमाल चढ सदतीस फुटांना एक फूट आहे आणि तिथेही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानचा चढ त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि वळणे अशी की गाडीच्या पहिल्या डब्यातल्या माणसाला शेवटच्या डब्यातला माणूस समोरासमोर दिसावा.

अशा मार्गासाठी जर्मनीतल्या ओरेनश्टाइन उंड कोप्पेल या कारखान्यातून चार इंजिने आली. त्यांच्या आखणीमागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता होता. हडपसरच्या रुळांशी या माणसाचा जवळचा संबंध आहे. 1882 साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत, म्हणजे याच मार्गाच्या कंपनीत, इंजिन-निरीक्षक म्हणून आला. नोकरी करता करता त्याच्या लक्षात आले की मोठ्या रेल्वेचे रूळ जिथे संपतात तिथून पुढची गावे बैलगाडीच्या भरवशावर राहतात. खर्च परवडेल अशी लहान, हलकी रेल्वे तिथे नेता येईल, हा ध्यास त्याने घेतला आणि त्यातून बार्शी लाइट रेल्वे जन्मली. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. पुढे एका बाजूला पंढरपूर आणि मिरज, दुसऱ्या बाजूला लातूर असा त्याचा विस्तार सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत गेला. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या हडपसरपर्यंत एका वाटेने येतात आणि इथून एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणीकडे वळते. पंढरपुराहून परतणाऱ्या कित्येक वारकऱ्यांनी कुर्डुवाडीपर्यंतचा प्रवास कॅलथ्रॉपच्या त्या छोट्या गाडीने केला आहे.

कॅलथ्रॉपचा मुख्य विचार सोपा होता. इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कोणत्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, भरावाचा खर्च कमी होतो. बार्शीची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली. त्यांना आठ जोडलेली चाके आणि मागे आणखी चार, म्हणजे एकूण सहा अ‍ॅक्सल होते, ते एवढ्याचसाठी की वजन सगळीकडे सारखे वाटले जावे. हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवण्याच्या मागे लागला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री प्रसिद्ध झाली. वजन नेमके कुठे आणि किती पडते, या एका प्रश्नाने त्याला आयुष्यभर सोडले नाही.

माथेरानला प्रश्न वजनापेक्षा वळणाचा होता. चढ चढायचा तर इंजिनाची सगळी चाके ओढीला लागली पाहिजेत, म्हणून सहाही चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली हवीत. पण तीन जोडलेले अ‍ॅक्सल एका ताठ चौकटीत बसवले की इंजिन सरळ रेषेतच चालू पाहते. माथेरानच्या वळणावर ते रूळ सोडेल, नाहीतर रूळ तरी उखडेल. यावर तोड म्हणून क्लीन आणि लिंडनर या जर्मन अभियंत्यांच्या नावाचा अ‍ॅक्सल वापरला गेला.

त्याची रचना अशी. चौकटीत फिरणारा खरा अ‍ॅक्सल भरीव असतो आणि त्याच्याभोवती दुसरा पोकळ अ‍ॅक्सल असतो, मनगटाभोवती सैल बांगडी असावी तसा. चाके या बाहेरच्या पोकळ अ‍ॅक्सलवर बसवलेली असतात. आतला आणि बाहेरचा अ‍ॅक्सल मधोमध एका गोलाकार सांध्याने आणि आडव्या पिनेने जोडलेले. आतला फिरला की पिन बाहेरच्यालाही फिरवते, म्हणजे ओढ पोहोचते. पण बाहेरच्याला थोडे तिरके व्हायला आणि बाजूला सरकायला मोकळीक राहते. वळण आले की पुढची चाके वळणाच्या कलाने वळतात, मागची उलट बाजूने वळतात आणि मधली जागच्या जागी राहतात. दांड्या मात्र सरळच फिरत राहतात, कारण त्या आतल्या भरीव अ‍ॅक्सलला जोडलेल्या आहेत. लोखंडाच्या कामातले इतके नाजूक डोके महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या जुन्या यंत्रात असेल तर ते दाखवून द्यावे, असे प्रस्तुत वक्त्याला वाटते.

आणि हीच गोष्ट प्रेक्षकाला दिसत नाही. नेरळच्या इंजिनासमोर उभे राहिले की दिसतो तो बाहेरचा रंग, धुराडे, टाक्या आणि चाके. पोकळ अ‍ॅक्सलच्या आतला भरीव अ‍ॅक्सल बाहेरून दिसणे शक्यच नाही. लोक फोटो काढतात, मुलाला पायरीवर उभे करतात आणि गाडीकडे निघून जातात. यात लोकांचा दोष नाही. जे कोणी दाखवत नाही ते पाहायचे कसे?

इंजिन चालवणाऱ्यांचे कसबही असेच झाकलेले आहे. बॉयलरच्या मागच्या टोकाला कोळशाची भट्टी असते. भट्टीच्या छताचा पत्रा नेहमी पाण्याखाली राहिला पाहिजे, कारण त्याच्या खाली आगीचा लोळ असतो. पाणी खाली गेले तर तो पत्रा लालबुंद होऊन मऊ पडतो, वाफेच्या दाबाने वाकतो आणि बॉयलर फुटतो. म्हणून फायरमनची नजर काचेच्या नळीवर, गेज ग्लासवर, खिळलेली असते. सपाट मुलखात हे त्या मानाने सोपे. पण वीस फुटांना एक फूट चढावर दोन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये पुढच्या आणि मागच्या टोकाच्या पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. धुराडे चढाकडे असेल तर पाणी भट्टीकडे गोळा होते आणि काचेत पातळी भरपूर दिसते. चढ संपून रूळ सपाट झाला की तेच पाणी पुढे धावते आणि भट्टीचे छत उघडे पडू शकते. काचेतली पातळी, पुढच्या वळणानंतरचा चढ, भट्टीतला विस्तव आणि बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर, या सगळ्यांचा मेळ फायरमनने मनातल्या मनात घालायचा असतो. तेही हातात फावडे असताना.

पत्रा तापला तर शेवटचा आधार म्हणून त्यात शिशाचा प्लग बसवलेला असतो. तो वितळतो आणि त्यातून फुटणारी वाफ भट्टी विझवते. प्लग उडू देणे ही लोको शेडमध्ये फार लाजिरवाणी गोष्ट समजली जाई. उतरताना काळजी वेगळी. तिथे डब्यांवरचे ब्रेक पोर्टर शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळत. ओल्या रुळावर चाक घसरू नये म्हणून वाळू सोडावी लागे. अशी ही गाडी एकट्या ड्रायव्हरची नव्हती, सगळ्या संचाने मिळून चालवायची होती.

1950च्या दशकात माथेरानला डिझेल इंजिने आली आणि 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिने कामातून गेली. ते होणारच होते. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा दहावा भागही चाकापर्यंत पोहोचवू शकत नाही, त्याला पेटवून तयार करायला कित्येक तास लागतात आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवावा लागतो. कल्याण ते पुणे मार्गावर तर 1930 पर्यंत वीज आली होती आणि डेक्कन क्वीन पहिल्या दिवसापासून विजेवरच धावली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळीच्या बाजूने मात्र त्यानंतरही कित्येक दशके धूर सोडत जाणारी इंजिने लोकांनी पाहिली. चित्तरंजनच्या कारखान्यात ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन 1970 साली बनले. त्याचे नाव ‘अंतिम सितारा’. भारतातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची नित्य सेवा डिसेंबर 1995 मध्ये संपली.

माथेरानच्या चार इंजिनांची वाट पुढे वेगवेगळी झाली. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेले, एक नेरळला राहिले. 740 क्रमांकाचे इंजिन मात्र इंग्लंडला गेले आणि काही काळाने लेटन बझर्ड या गावच्या छोट्या रेल्वेवर पोहोचले. लंडनच्या वायव्येला असलेला हा दोन फुटी मार्ग 1919 साली खाणीतली वाळू वाहण्यासाठी घातला गेला होता. वाळूची वाहतूक रस्त्यावर गेल्यावर 1960च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आणि आसपासच्या हौशी माणसांनी तो चालवायला घेतला. आठवडाभर दुसरीकडे नोकरी करणारे लोक सुटीच्या दिवशी येतात, काजळीत हात घालतात, बॉयलर दुरुस्त करतात, नव्या मुलांना फायरमनचे काम शिकवतात. माथेरानचे इंजिन तिथे पुन्हा वाफेवर चालले. सह्याद्रीच्या वळणांसाठी घडवलेल्या त्या पोकळ अ‍ॅक्सलचे काम समजून घेण्याची वेळ इंग्लंडमधल्या हौशी फिटरांवर आली आणि त्यांनी ते समजून घेतले.

या गोष्टीने वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. इंजिन वाचले आणि चालले, हा आनंदच आहे. पण तिथे जे जमले ते पैशामुळे जमले असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. तिथे जमले ते मुख्यतः काम येणाऱ्या हातांमुळे. आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. 1855 साली लीड्समध्ये बनलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन संग्रहालयात उभे होते. 1997 साली ते दुरुस्त करून दिल्ली ते अलवर मार्गावर पुन्हा चालवले गेले आणि नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. पुढे 2011 मध्ये त्याचे बरेच सुटे भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कारखान्यातल्या कामगारांनी ते पुन्हा उभे केले. पितळी वस्तू चोरणारे आपल्यात आहेत, तसे ती वस्तू नव्याने घडवणारेही आपल्यातच आहेत.

पुण्यातलेच उदाहरण घ्यायचे तर कोथरूडला भाऊ जोशी यांनी 1998 साली सुरू केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे खऱ्या मापाचे इंजिन नाही, सगळे लहान प्रतिकृतींचे जग आहे. तरी ते मुलांच्या डोक्यात राहते, कारण तिथे गाड्या चालतात, सिग्नल पडतात, फाटके बंद होतात. यंत्र चालताना पाहिलेले मूल घरी येऊन प्रश्न विचारते. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, तेही याच कारणासाठी महत्त्वाचे. विदर्भातल्या लहान रेल्वेचा संसार एकत्र पाहायला मिळेल अशी दुसरी जागा नाही.

आता मुद्द्याचे. चौथऱ्यावर उभ्या इंजिनाला दरवर्षी रंग देणे म्हणजे जतन, असा समज आपल्याकडे रूढ आहे. बाहेरून तुकतुकीत दिसणारे इंजिन आतून कुजत असते. धुराड्याखालच्या पेटीत जुनी राख राहिली तर ती ओल धरते. कोळशातल्या गंधकामुळे त्या ओलीचे आम्ल होते आणि पत्रा खाल्ला जातो. बॉयलरभोवतीच्या उष्णतारोधक थरात पावसाचे पाणी मुरले की ते महिनोन्‌महिने तिथेच राहते. वरून पत्र्याचे आवरण आणि त्यावर रंग असल्याने काही कळत नाही. कळते तेव्हा बोट घातले की पत्र्यातून आरपार जाते. कोकणपट्टीतल्या पावसात हे आणखी झपाट्याने होते. राख काढणे, ओलसर थर काढून टाकणे, डोक्यावर छप्पर घालणे आणि फिरत्या भागांना ग्रीस लावणे ही कामे रंगकामापेक्षा स्वस्त आहेत. पण ती उद्‌घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाहीत.

दुसरे असे की यंत्र उघडून दाखवले पाहिजे. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक मोठे इंजिन एका बाजूने कापून ठेवले आहे. भट्टी, नळ्या, सिलिंडर, पिस्टन सगळे आतून दिसते आणि चाके सावकाश फिरवून दाखवतात. नेरळचे दुर्मीळ इंजिन कोणी कापावे असे इथे सुचवायचे नाही. पण त्या पोकळ अ‍ॅक्सलची अर्ध्या मापाची, हाताने फिरवता येईल अशी प्रतिकृती त्याच्या शेजारी ठेवता येईल. दांडा फिरवला की चाक फिरते आणि तरीही तिरके होते, हे आठवीतल्या मुलाने स्वतः करून पाहावे.

ही प्रतिकृती बनवायची कोणी? इथे हडपसरचे नाव घ्यावे लागते. किर्लोस्कर न्यूमॅटिकपासून मुंढव्याच्या भारत फोर्जपर्यंत या पट्ट्यात पॅटर्नमेकर, मोल्डर, टर्नर, फिटर, फोर्जमन यांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या आहेत. शेजारच्या घोरपडीला रेल्वेचे डिझेल लोको शेड आहे आणि तिथे आयुष्य काढलेली माणसे हडपसर, मांजरी, फुरसुंगी भागात राहतात. हजारातला एक भाग चुकला तर नग बाजूला टाकणारे हे हात निवृत्तीनंतर घरी बसले आहेत. कॅलथ्रॉपचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवला तर तो त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. संग्रहालयांना माहिती लिहिणारे विद्वान मिळतात, लोखंड वाचता येणारी माणसे मिळत नाहीत. ती इथे, या सभागृहातही बसलेली आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत निकडीची आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला माथेरानच्या इंजिनावर तिशीत असलेला फायरमन आज सत्तरी ओलांडून गेला आहे. पुणे ते मिरज मीटरगेजवर 1971 पर्यंत काम केलेली माणसे त्याहून म्हाताऱ्या वयाची. कोणत्या वळणाला किती कोळसा टाकायचा, चाक घसरू लागले तर रेग्युलेटर किती मिटायचा, इंजेक्टर अडला तर त्यावर पाणी कुठे ओतायचे, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला इंजिनावरच शिकवले आहे.

म्हणून या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून एक विनंती. ज्यांच्या घरी लोको शेडमध्ये, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात किंवा वाफेच्या इंजिनावर काम केलेले वडीलधारे आहेत, त्यांनी येत्या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याशेजारी बसून त्यांचे काम विचारावे. फोनवर आवाज टिपून ठेवावा. अवजारांची नावे, कामाची वेळ, सोबत्यांची नावे, अपघात, साहेबांच्या तपासण्या, सगळे. जुने ओळखपत्र, ड्रायव्हरची टिपणवही, पितळी दिवा घरात असेल तर तो मोडीत घालू नये. एक-दोन शाळांनी आणि निवृत्त कामगारांच्या गटाने मिळून पोकळ अ‍ॅक्सलची प्रतिकृती बनवायला घ्यावी. ती तयार झाली की नेरळला ठेवू द्यावी म्हणून रेल्वेकडे रीतसर अर्ज करू. तोवर हडपसरच्याच एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत ती राहील आणि ज्याला पाहायची आहे त्याने येऊन दांडा फिरवून पाहावा.